लहान बाळांना बाप्तिस्मा द्यावा, की मोठं झाल्यावर त्यांना घेऊ द्यावा?

दवंडी

मराठी ख्रिस्ती घरात बाळ जन्मलं की नाव ठरायच्या आधी हा विषय निघतो. पूर्वी निघत नसे, कारण अख्खं घर एकाच मंडळीचं असे. आता आजोबा नगरच्या जुन्या मिशनच्या मंडळीतले, सून वसईची कॅथलिक आणि धाकटा दीर नव्या फेलोशिपमध्ये जाणारा, अशी सरमिसळ नवलाची राहिलेली नाही. मग बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचं, की नुसती प्रार्थना करून थांबायचं, यावर बैठका होतात.

कुणाचं चर्च खरं हा वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत. माहीतगारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. आधार काय? प्रत्यक्षात करतात काय आणि चुकतं कुठे? आणि आज दिलेला किंवा न दिलेला बाप्तिस्मा पंचवीस वर्षांनी कुठे आडवा येतो?

वसईकर_वाडीवाला

कॅथलिक बाजू सांगतो. तिथे नियम लेखी आहेत, आणि तरी अफवा तिथल्याच जास्त.

१९८३ च्या धर्मसंहितेचं कलम ८६७ म्हणतं, पहिल्या काही आठवड्यांत. चाळीस दिवस, तीन महिने असा आकडा त्यात कुठेही नाही. जिवाला धोका असेल तर विलंब न लावता. कलम ८६८ दोन अटी घालतं: आईवडिलांपैकी निदान एकाची संमती, आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी वाजवी आशा. ही आशा अजिबातच दिसत नसेल तर फादरांनी बाप्तिस्मा पुढे ढकलायचा असतो, आणि कारण आईवडिलांना सांगायचं असतं. लोक याला 'नाकारला' म्हणतात. तो नकार नाही.

सात वर्षं पूर्ण झाली की मूल 'समजतं' धरलं जातं. मग त्याची तयारी मोठ्यांसारखी होते आणि बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), प्रभुभोजन हे तिन्ही एकत्र येतं. म्हणजे 'थांबू या' म्हणणाऱ्याने सातव्या वाढदिवसाची रेघ लक्षात ठेवावी. पलीकडे गेल्यावर रस्ता लांबतो.

विधी असा चालतो. चर्चच्या दाराशी बाळाचं नाव विचारतात आणि कपाळावर क्रूसाची खूण करतात. मग शास्त्रवाचन, संतांची आळवणी, दुष्टापासून सुटकेची प्रार्थना, छातीवर तेल. पाण्याला आशीर्वाद. सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली, ही आईवडील आणि धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स) देतात. मग पाणी तीनदा. मग टाळूवर सुगंधी तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती, आणि शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'.

चुकतं कुठे तर कपड्यांत. छातीला तेल लावायचं असतं आणि बाळाला मागून बंद होणारा, पंधरा बटणांचा झगा घातलेला असतो. पुढून उघडणारं साधं झबलं घाला. टोपी आधीच काढा. पांढरं वस्त्र पाणी घातल्या*नंतर* द्यायचं असतं, त्यामुळे बाळ आधीच नखशिखांत पांढऱ्यात असेल तर एक पांढरी शाल वेगळी ठेवा, नाहीतर त्या क्षणी सगळे एकमेकांकडे बघत बसतात. आणि डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगा. मेणबत्ती विझते आणि ओल्या टाळूला वारा लागतो, दोन्ही एकदम.

ओला_रुमाल

आता दुसरी बाजू.

नव्या करारात क्रम एकच दिसतो: ऐकलं, विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तसंच, कूशी षंढाच्या बाबतीत तसंच (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८). विश्वास धरायचा तो ज्याचा त्याने. बाळाच्या वतीने आईबाप 'त्याग करतो' म्हणतात तेव्हा त्याग कोण करतो? आईबापच. मग बाप्तिस्मा त्यांचा झाला.

लुदिया, तुरुंगाधिकारी, स्तेफन यांच्या 'घरच्यांचा' बाप्तिस्मा झाला म्हणून त्यात तान्ही बाळं असणारच, हा युक्तिवाद नेहमी येतो. तुरुंगाधिकाऱ्याच्याच गोष्टीत पुढे (कृत्ये १६:३४) घरदार विश्वास ठेवून हर्षित झाल्याचं आहे. क्रिस्पाच्या घराबद्दलही (१८:८) सगळ्या घराने विश्वास ठेवला असं स्पष्ट लिहिलंय. तान्हं बाळ विश्वास ठेवत नाही.

बाळाला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही. बाळार्पण करतो: मार्क १०:१३-१६ चं वाचन, आईवडिलांची वचनं, मंडळीचं वचन, पाळकांनी बाळ हातात घेऊन प्रार्थना. पाणी नाही, तेल नाही. वीस मिनिटांत होतं.

बाप्तिस्मा पुढे, समजून उमजून आणि पूर्ण बुडवून. टाकी आठ बाय पाच फुटांची आणि पाणी साडेतीन फूट धरलं तर सुमारे चार हजार लिटर लागतं. शहरात एक छोटा टँकर. घेणारा पाळकाला आडवा उभा राहतो, हात छातीवर दुमडतो, नाकावर घडी घातलेला रुमाल. पाळकाचा एक हात मानेखाली, एक छातीवरच्या हातांवर. मागे झुकवून पाण्याखाली, की लगेच वर. गुडघे वाकवायला सांगायचं राहिलं तर पाय वर येतात आणि पाळकासकट सगळं घसरतं. कपडे गडद रंगाचे आणि जाड. पांढरं सुती ओलं झालं की अंगाला चिकटतं. खालच्या घेराला आतून वजन शिवलं तर घेर पाण्यावर तरंगत नाही.

जुनी_वही

रुमालराव, '१६:३४' तुम्ही नीट वाचलंत, पण मूळ ग्रीक वाक्यात 'विश्वास ठेवून' हे क्रियापद एकवचनी आहे, म्हणजे विश्वास ठेवणारा तुरुंगाधिकारी. आनंद घरदारासकट. त्यामुळे ते वचन दोन्ही बाजूंना पुरतं आणि कुणालाच पुरत नाही. क्रिस्पाचं मात्र तुमच्याकडे राहू द्या.

जुन्या मंडळीत काय चालायचं त्याचे थोडे पक्के टप्पे:

इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन लहान मुलांना घाई करू नका म्हणतो. हे वाक्य सगळे बॅप्टिस्ट (मोठेपणीचाच बाप्तिस्मा मानणारे) पाठ करतात. पण तो विरोध करतोय म्हणजे प्रथा त्याच्या आधीच चालू होती, हे सोडून देतात. आणि त्याचं कारणही वाचावं: हमी घेणारे मरतील किंवा मूल वाकड्या वाटेला जाईल, मग हमीदारांच्या गळ्याला फास. त्याच दमात तो अविवाहितांनीही थांबावं म्हणतो. तेवढं कुणी पाळत नाही!

पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये सिप्रियन आणि ६६ बिशप बसले. प्रश्न होता, सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का? उत्तर: तेवढंही थांबू नका. म्हणजे पन्नास वर्षांत त्याच गावात काटा या टोकाकडून त्या टोकाला.

चौथ्या शतकात उलट लाट. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुतली जातात, मग शेवटी घेतलेला बरा, असा हिशोब. कॉन्स्टंटाईन सम्राटाने तो ३३७ साली मरणाच्या दारात घेतला. ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली, बरा झाल्यावर राहिली. तो झाला ३८७ च्या पास्काला, मिलानमध्ये, अँब्रोजच्या हातून. आणि हाच ऑगस्टीन पुढे बालबाप्तिस्म्याचा सगळ्यात मोठा वकील झाला, मूळ पापाच्या मुद्द्यावरून.

मग हजारेक वर्षं शांतता. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये एका घरात कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोनच वर्षांनी, ५ जानेवारी १५२७ ला, त्याच गटातल्या फेलिक्स मान्झला लिम्माट नदीत बुडवून मारलं. आणि मारणारं सरकार प्रॉटेस्टंट. हा वाद एके काळी किती टोकाला गेला होता, हे आपल्या बैठकांत माहीत असलेलं बरं.

नगरी_खवचट

आमच्याकडे बैठकीत फार तर चहा थंड होतो.

बाकी पोस्ट वाचनीय. मराठी मिशनचं याच्याशी काही नातं आहे का? अमेरिकन मिशनवाले बाळांना बाप्तिस्मा देत, हे जुन्या रजिस्टरांवरून दिसतंच.

जुनी_वही

आहे, आणि गमतीदार आहे. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलमला पाच तरुणांची मिशनरी म्हणून एकत्र दीक्षा झाली: जडसन, न्यूएल, नॉट, हॉल, राईस. सगळे काँग्रिगेशनल, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे. जडसनला वाटलं, बंगालमध्ये सेरामपूरच्या बॅप्टिस्टांशी गाठ पडणार, तेव्हा उत्तरं तयार ठेवावीत. म्हणून जहाजावर ग्रीक नवा करार घेऊन बसला. कलकत्त्याला पोचेपर्यंत स्वतःच पलटला आणि सप्टेंबर १८१२ मध्ये तिथे बुडवून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग राईसही. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला.

हॉल आणि नॉट मात्र बदलले नाहीत. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, न्यूएलही नंतर तिथे आला. नगरपासून सोलापूरपर्यंतच्या मंडळ्या त्या मुळातून वाढल्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या रजिस्टरांत तान्ह्या मुलांची नावं आहेत.

आणखी एक नोंद. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला झाला, त्याच दिवशी त्यांची लेक मनोरमा हिचाही. मनोरमा अडीच वर्षांची होती. एकाच कुंडापाशी दोन्ही प्रकार: एक पंचविशीतली विदुषी, प्रत्येक शब्दावर मिशनरी सिस्टरांशी वाद घालणारी, आणि एक तिचं बोट धरून आलेली पोर.

ओला_रुमाल

मनोरमेचं उदाहरण मान्य. पण त्यात आईच्या विश्वासाला अजून धार होती. आज दहा पिढ्यांचं ख्रिस्तीपण झालं की बाप्तिस्मा म्हणजे बारशाचं जेवण उरतं. आपल्यातला खरा मुद्दा तो आहे.

तिसरी_घंटा

मुद्दा खरा, पण तो मोठेपणीच्या बाप्तिस्म्यालाही लागू. सोळाव्या वर्षी मैत्रिणी टाकीत उतरल्या म्हणून उतरलेल्या मुली आहेतच. वयाने समज येतेच असं नाही.

सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सांगते, कारण 'सीएनआयमध्ये बाळांनाच देतात' हा समज चुकीचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली. त्यांत अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन होते, तसेच बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. १९४७ मध्ये दक्षिणेत सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) झालं तेव्हा बॅप्टिस्ट त्यात नव्हते, त्यामुळे हा पेच तिथे सुटला नव्हता. उत्तरेत तो सोडवावा लागला. तोडगा असा: दोन्ही पद्धती मान्य, पर्याय म्हणून. आईवडिलांना हवं तर बाळाला बाप्तिस्मा आणि पुढे शिक्षण होऊन दृढीकरण. नको असेल तर बाळार्पण, आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. दोन्ही वाटांनी आलेला पूर्ण सभासदच.

त्यामुळे रुमालरावांचा क्रम आणि वाडीवाल्यांचा क्रम एकाच पास्टरेटमध्ये (एका पाळकाच्या क्षेत्रात) चालू शकतो. चालतो का? बहुतेक जागी पूर्वीच्या मिशनचीच सवय चालते. जुना अँग्लिकन किंवा अमेरिकन मिशनचा गाव असेल तर पाळकसाहेबांना बाळार्पणाचा विधी शोधावा लागतो. मागितला तर मिळतो, हे लक्षात ठेवा.

खरी अडचण पुनर्बाप्तिस्म्याची. बाळपणी बाप्तिस्मा झालेला तरुण येतो आणि म्हणतो, माझा तो बाप्तिस्मा मला आठवत नाही, मला बुडवून द्या. पाळकाने परस्पर 'हो' म्हणायचं नसतं. प्रकरण बिशपांच्या सल्ल्याला जातं. जागतिक चर्च परिषदेचा १९८२ चा लिमा दस्तऐवजही हेच सांगतो: पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही करू नये. मात्र त्याच दस्तऐवजात बालबाप्तिस्मा देणाऱ्यांनाही चिमटा आहे की सरसकट, पाहणी न करता वाटू नका. तो चिमटा आपल्याकडे कुणी वाचत नाही. पाण्याने बाप्तिस्म्याच्या वचनांचं नवीकरण हा मधला मार्ग आहे, आणि तयारीने केला तर बहुतेक तरुणांचं समाधान होतं, कारण त्यांना हवं असतं ते सर्वांसमोर स्वतःच्या तोंडाने बोलणं.

ज्या मंडळ्या सरळ पुन्हा बाप्तिस्मा देतात त्यांचा तर्क वेगळा. पहिला झालाच नाही, म्हणून हा दुसरा नव्हे, असं ते म्हणतात. तर्क म्हणून तो शुद्ध आहे. पण त्या वाक्याने समोरच्याच्या आजीचा, आईचा आणि अख्ख्या गावाचा बाप्तिस्मा रद्द होतो. आणि बैठकीत चहा तिथेच थंड होतो.

सुईदोरा

धर्ममातापिता कोण होऊ शकतं? एका घरी दोन्ही बाजूंचे मिळून सहा जण उभे करायचा बेत आहे.

वसईकर_वाडीवाला

कॅथलिक विधीत एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघं. नोंद तेवढ्यांचीच. बाकीचे चार फोटोत.

अटी (कलम ८७४): १६ वर्षं पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण आणि प्रभुभोजन झालेले, आणि बाळाचे आईवडील नकोत. प्रॉटेस्टंट काका हवाच असेल तर एका कॅथलिक धर्ममातेसोबत तो 'साक्षीदार' म्हणून उभा राहतो. ख्रिस्तेतर मित्र नोंदीत येत नाही. हे आदल्या संध्याकाळी कळलं की रुसवेफुगवे होतात, म्हणून पॅरिश ऑफिसात अर्ज भरतानाच विचारा. धर्मपित्याकडून त्याच्या पॅरिशचं पत्र बऱ्याच ठिकाणी मागतात. तो परगावचा असेल तर त्यालाच वेळ जातो.

पाळी_बदल

नवजात अतिदक्षता विभागाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

जिवाला धोका असताना कॅथलिक नियमाप्रमाणे बाप्तिस्मा *कुणीही* देऊ शकतं. नर्स, डॉक्टर, आजी, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, फक्त चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. आशीर्वादित पाणी लागत नाही, साधं चालतं. इनक्युबेटरमधल्या बाळासाठी मात्र निर्जंतुक पाणीच घ्या, अंगाच्या तापमानाला आणलेलं. दोन मिलीच्या सिरिंजला सुई न लावता कपाळावर तीन वेळा थोडं थोडं सोडायचं. पाणी कातडीवरून *वाहिलं* पाहिजे. ओल्या कापसाने टिपणं म्हणजे वाहणं नव्हे. लगेच गॉझने टिपून घ्यायचं, कारण कमी वजनाचं बाळ ओलं राहिलं की मिनिटांत गार पडतं. टेप, नळी, सेन्सर यांच्या बाजूला पाणी नको. झडप उघडण्याआधी ड्युटीवरच्या सिस्टरला विचारायचं, आणि आईवडिलांना न विचारता तर मुळीच काही करायचं नाही.

शब्द एवढेच: '(नाव), मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो / देते.' पाणी आणि शब्द एकाच वेळी, एकाच माणसाने. एकाने पाणी घालायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, असं नाही.

बाळ वाचलं, की घरी आल्यावर चर्चमध्ये राहिलेला भाग करतात: तेल, वस्त्र, मेणबत्ती. पाणी पुन्हा नाही.

आणि बाळ बाप्तिस्म्याविना गेलं तर? पूर्वी 'लिंबो'चं (अशी बाळं स्वर्गाबाहेर राहतात ती जागा) नाव घेऊन आयांना घाबरवत. तो कधीच सिद्धांत नव्हता. २००७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं असल्याचं सविस्तर मांडलंय. प्रॉटेस्टंटांकडे हा प्रश्न अशा रूपात उभाच राहत नाही. तेव्हा नाही जमलं तर त्या आईला अपराधी वाटेल असं एक अक्षर कुणी बोलू नये.

नगरी_खवचट

शेवटच्या ओळीसाठी _/\_

मुद्रांक

कागदांची बाजू, थोडक्यात.

बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्मदाखला नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, पासपोर्ट, मतदारयादी वगैरेला जन्माचा पुरावा म्हणून महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच चालतो. त्यात नाव रिकामं असेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांत विनाशुल्क भरता येतं, नंतर शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. घोळ असा होतो की बाप्तिस्म्याला नाव 'मायकल', पालिकेत 'मयूर', आणि दोन्ही कागद वीस वर्षांनी एका फायलीत भेटतात. आधी पालिकेत नाव पक्कं करा, मग तेच स्पेलिंग कागदावर लिहून चर्चच्या ऑफिसात द्या. तोंडी सांगू नका.

दुसरी बाब नाजूक आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश १९५० नुसार हिंदू, शीख, बौद्ध यांखेरीज इतर धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला. अर्जदार महिला स्वतःला हिंदू म्हणत होती, पण तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा आणि नंतरचं चर्चला जाणं हे दोन्ही तिच्या विरोधात गेलं. निव्वळ बाळपणीच्या नोंदीवर निकाल लागला नाही, पण नोंद पुराव्यात आली. ज्या घरात आई एका धर्माची, वडील दुसऱ्या, आणि जातीचा दाखला वडिलांकडून घ्यायचा विचार आहे, तिथे आधी ठरवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची सोय कायद्यात नाही. अनुसूचित जमातींना हा धर्माचा नियम लागू नाही.

दवंडी

हा मुद्दा डोक्यात नव्हता. म्हणजे 'आत्ता पाणी घालून टाकू, मोठेपणी हवं ते ठरवेल' हे म्हणतात तितकं बिनखर्चाचं नाही.

तिसरी_घंटा

'आत्ता नको, मोठेपणी ठरवेल' हेही बिनखर्चाचं नाही. आईबाप भाषा ठरवतात, आडनाव ठरवतात, शाळा ठरवतात. रविवारी घरी बसायचं की मंडळीत जायचं हेही तेच ठरवतात. न ठरवणं हाही एक निर्णय, फक्त त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही.

ओला_रुमाल

भाषा आणि शाळा पुढे बदलता येते, बाई. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बाप्तिस्मा पुसता येत नाही. जे पुसता येत नाही ते दुसऱ्याच्या वतीने लिहू नये, एवढंच.

तिसरी_घंटा

आडनाव पुसलंत तरी बाप कोण ते बदलत नाही. बाप्तिस्मा मी त्या रांगेत ठेवते. तुम्ही सहीच्या रांगेत ठेवता. आपला सगळा वाद या एका ओळीत आहे, बाकी पुरावे दोघांनाही निम्मेच पुरतात.

मुक्तिफौजी_ढोल

एक तिसरी रांगही आहे. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) पाण्याचा बाप्तिस्माच नाही, लहानांना नाही आणि मोठ्यांनाही नाही. १८८३ पासून संस्कार बंद आहेत. बाळाचं ध्वजाखाली समर्पण होतं. नगर भागात फौजेची घरं जुनी आहेत, म्हणून हे सांगणं आवश्यक.

अडचण लग्नात येते. मुलगी कॅथलिक आणि मुलगा फौजेचा असेल, तर मुलगा श्रद्धेने ख्रिस्ती असला तरी कॅथलिक नियमात 'बाप्तिस्मा न झालेला' धरला जातो. मेथडिस्ट किंवा सीएनआयच्या मुलाला परवानगी लागते. फौजेच्या मुलाला बिशपांकडून धर्मभेदाच्या अडथळ्यातून सूट लागते, आणि सूट न घेता लावलेलं लग्न चर्चच्या लेखी वैध नाही. कागद वेगळा, फॉर्म वेगळा, वेळ जास्त. बाळार्पण होऊन मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचा राहून गेलेल्यांनाही हेच लागू. तेव्हा लग्न ठरलं की आधी हे विचारा, हॉल त्यानंतर.

वसईकर_वाडीवाला

बरोबर. आणि उलट दिशेने: लग्नासाठी कॅथलिक बाजूचा दाखला सहा महिन्यांच्या आतला ताजा मागतात. बाळपणी मिळालेली लॅमिनेट केलेली प्रत चालत नाही, कारण दृढीकरण, लग्न वगैरे पुढच्या नोंदी मूळ रजिस्टरमध्ये त्याच नावासमोर समासात होतात आणि त्या जुन्या प्रतीवर नसतात. म्हणून बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये, कुठल्या तारखेला झाला, एवढं तरी घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चर्चचं नाव माहीत नसेल तर शोध गावोगाव.

सुईदोरा

पाळी_बदल यांना प्रश्न. इस्पितळात कुणी घाईत 'येशूच्या नावाने' एवढंच म्हटलं असेल, किंवा 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं, तर?

पाळी_बदल

कॅथलिक चर्चच्या लेखी दोन्हीत झाला नाही. तिन्ही नावं हवीत. आणि 'आम्ही'बद्दल ऑगस्ट २०२० मध्ये रोमहून स्पष्ट उत्तर आलं की तो बाप्तिस्मा अवैध, कारण देणारा ख्रिस्त, समुदाय नव्हे. अमेरिकेत फिनिक्सच्या धर्मप्रांतात एक धर्मगुरू वर्षानुवर्षं 'आम्ही' म्हणत आले होते. ते उघडकीला आल्यावर हजारो लोकांना पुन्हा बोलवावं लागलं. एका सर्वनामासाठी.

नगरी_खवचट

मराठीत तर धोका जास्त. मोठे साहेब स्वतःलाच 'आम्ही' म्हणतात.

पाळी_बदल

:-) म्हणूनच शब्द पाठ असू द्या.

काय म्हटलं होतं तेच कुणाला आठवत नसेल तर पॅरिशमध्ये सशर्त बाप्तिस्मा देतात: 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला…' पण तो शंका खरी असेल तरच. आपली आठवण गोंधळलेली आहे म्हणून सरसकट नाही. ती वेळ येऊ नये म्हणून त्याच क्षणी एका चिठ्ठीवर लिहा: बाळाचं आणि आईवडिलांचं नाव, तारीख, वेळ, इस्पितळ, पाणी कुणी घातलं, म्हटलेले शब्द जसेच्या तसे, आणि एका साक्षीदाराची सही. चिठ्ठी डिस्चार्जच्या फाईलमध्ये नको, ती फाईल पहिल्याच तपासणीला ओपीडीत राहते. वडिलांच्या पाकिटात ठेवा, आणि त्याच आठवड्यात पॅरिश ऑफिसात द्या.